जपानमध्ये धंदा घेऊन जायचंय? मग हिशेब दुसऱ्या व्हिसापासून मांडा

१६ ऑक्टोबर २०२५ च्या आधीचा जो काही सल्ला तुम्ही जमवला असेल, मग ते व्हिडिओ असोत की मेहुण्याच्या मित्राचा अनुभव, तो आधी बाजूला ठेवा. त्या तारखेपासून जपानचा धंदेवाल्यांचा व्हिसा पार बदलला. जपानीत त्याला ‘केइएइ-कानरी’ म्हणतात. पूर्वी ५० लाख येन भांडवल दाखवलं किंवा दोन माणसं कायमची कामाला ठेवली की भागायचं. आता ३ कोटी येन भांडवल पाहिजे, माणूस पाहिजे, जपानी भाषा पाहिजे आणि अनुभव किंवा पदवीही पाहिजे.

मी मूळचा सांगलीचा. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईजवळ माझं मसाल्याचं आणि किराण्याचं दुकान आहे. मागच्या बाजूला आठ खुर्च्यांचं जेवणाचं काउंटर, ते बायको बघते. मी जुन्या नियमात आलो. जुन्या लोकांना १६ ऑक्टोबर २०२८ पर्यंत थोडी सवलत आहे. तोवर नूतनीकरण करताना धंद्याची तब्येत आणि नवे निकष गाठायची शक्यता बघून निर्णय होईल. त्यामुळे नवे नियम मी हौसेनं वाचलेले नाहीत, माझीच मान त्यात अडकलेली आहे.

गावाकडून फोन येतात ते साधारण एकाच सुरात: “अमेरिकेचं काही जमेना, जपानला धंदा टाकला तर?” जमेना यात नवल नाही. अमेरिकेचा ई-२ व्हिसा ज्या देशांशी करार आहे त्यांच्याच नागरिकांना मिळतो आणि भारताशी तो करार नाही. ईबी-५ ला, म्हणजे गुंतवणुकीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डाला, ठरावीक भागात किमान ८ लाख डॉलर घालावे लागतात, बाकी ठिकाणी साडेदहा लाख. ब्रिटननं गुंतवणूकदारांचा व्हिसा फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केला, ऑस्ट्रेलियानंही २०२४ मध्ये आपला बंद केला. मग लोक जपानकडे वळतात. वळा, पण एक गोष्ट धरून चाला. पहिला व्हिसा बहुतेकांना एका वर्षाचा मिळतो आणि खरी परीक्षा नूतनीकरणाला होते. तेव्हा अधिकारी तुमचा ताळेबंद, पगारपत्रक, विम्याच्या पावत्या आणि तुम्ही जपानमध्ये किती दिवस होता हे बघतो. पुढचं सगळं मी त्या दिवसावर नजर ठेवूनच सांगतोय.

अटी, थोडक्यात

भांडवल ३ कोटी येन. कंपनी असेल तर हे नोंदलेलं, भरलेलं भागभांडवल असायला हवं.

कायम नोकरीत किमान एक माणूस. तो जपानी नागरिक, कायमचा रहिवासी, या दोघांपैकी कुणाचा जोडीदार किंवा दीर्घकालीन रहिवासी या गटातला हवा. तुमचा भाचा कामाच्या व्हिसावर टोकियोत असेल तर तो या अटीत बसत नाही.

भाषा. तुम्हाला किंवा तुमच्या कायम नोकराला जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-२ पातळीच्या तोडीची जपानी यायला हवी. बीजेटी या धंद्यातल्या जपानीच्या परीक्षेत ४०० गुण, जपानी विद्यापीठाची पदवी किंवा २० वर्षांचं वास्तव्यही चालतं. या अटीसाठी मात्र कामाच्या व्हिसावरचा माणूसही धरतात, म्हणजे भाच्याला एन-२ असेल तर इथे तो उपयोगी पडेल.

धंदा चालवल्याचा तीन वर्षांचा अनुभव, नाहीतर व्यवस्थापनाशी किंवा त्या धंद्याशी संबंधित विषयातली मास्टर्स किंवा त्यावरची पदवी. सांगली-कोल्हापूरकडे वडिलांच्या पेढीवर वीस वर्षं बसलेला माणूस अनुभवात कुणाला हार जात नाही, पण कागदावर तो कुठेच नसतो. गुमास्ता परवाना थोरल्याच्या नावावर, जीएसटी वडिलांच्या. भागीदारी करारनाम्यात नाव घालून घ्या आणि आयकर विवरणात ते उत्पन्न दिसू द्या. याला तीन वर्षं लागतील. ती लागू द्या.

आणि धंद्याचा आराखडा. तो ठोस आहे, पटण्यासारखा आहे आणि चालू शकतो, असं जपानमधल्या चार्टर्ड अकाउंटंटनं, झेइरिशीनं म्हणजे कर सल्लागारानं किंवा लघुउद्योगांच्या परवानाधारक सल्लागारानं तपासून द्यावं लागतं.

पैसा भारतातून काढताना

लोक घाई इथेच करतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

येन सध्या साठ पैशांच्या खाली घोटाळतोय. म्हणजे ३ कोटी येन हे साधारण पावणेदोन कोटी रुपये, डॉलरमध्ये दोन लाखांच्या आतबाहेर. भारतात राहणाऱ्या माणसाला एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसा पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. आज हे बसतं. येन वधारून डॉलरला १२० झाला तर तीन कोटी येन म्हणजे बरोबर अडीच लाख डॉलर होतील आणि विमानाच्या तिकिटापुरतीही जागा उरणार नाही. त्यामुळे रक्कम मार्चमध्ये अर्धी आणि एप्रिलमध्ये अर्धी पाठवायची, दोन आर्थिक वर्षांत, हा जुना आणि सरळ मार्ग.

वर्षात दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. पावणेदोन कोटी एकाच वर्षात पाठवले तर हे ३३ लाख रुपये होतात. विवरण भरल्यावर ते करात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकून पडतात. हे ३३ लाख भांडवलाच्या वर वेगळे तयार ठेवा.

परदेशी कंपनीचे शेअर घेणं ही थेट गुंतवणूक आहे. २०२२ च्या ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमांनुसार बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून कंपनीसाठी यूआयएन हा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. तालुक्याच्या शाखेत हे विचारलंत तर साहेब मुलांच्या शिक्षणाचा फॉर्म पुढे करतील. पुण्या-मुंबईच्या परकीय चलन शाखेत जा. ‘कुटुंबाच्या चरितार्थासाठी’ असं कारण लिहून पाठवलेला पैसा नंतर भांडवल म्हणून दाखवता येत नाही. शेअर मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत बँकेला द्यायचा आणि दर वर्षी ३१ डिसेंबरच्या आत वार्षिक अहवाल. आणखी दोन गोष्टी बँकवाला आपणहून सांगेलच असं नाही. भांडवली कारणासाठी एलआरएसखाली पैसा पाठवायला बँक कर्ज देऊ शकत नाही. आणि घरच्यांची मर्यादा तुमच्या मर्यादेत मिळवायची असेल तर ते त्या कंपनीत भागीदार असले पाहिजेत.

आता पैशाचा उगम. जपानी अधिकारी विचारतो, हे तीन कोटी येन कसे साठले? एक ओळखीचा माझ्याकडे फाइल घेऊन आला होता. तासगाव तालुक्यातली द्राक्षबाग विकून पैसा उभा केलेला. सातबाऱ्यावर आई, दोन भाऊ आणि एक बहीण. खरेदीखताचे पैसे चौघांच्या खात्यात सारखे आले आणि मग तिघांनी आपापला वाटा धाकट्याकडे वळता केला. आपल्याकडे यात कुणालाच काही वाटत नाही. इथल्या कागदपत्रं करणाऱ्या बाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. हे तिघं गुंतवणूकदार आहेत, सावकार आहेत की देणगीदार? सातबाऱ्याचं जपानी भाषांतर समोर होतं, पण ‘सामाईक क्षेत्र’ म्हणजे काय हे त्यांना कागदावर चौकोन काढून दाखवावं लागलं. शेवटी तिघांची बक्षीसपत्रं, चौघांची बँक स्टेटमेंटं, नातं दाखवणारे दाखले आणि सगळ्याचं भाषांतर, असा गठ्ठा झाला. आई-भावंडांनी दिलेल्या भेटीवर भारतात आयकर नाही, त्यामुळे बक्षीसपत्र करायला लाजू नका. फक्त ते पैसे वळते करतानाच करा. मागाहून केलेल्या बक्षीसपत्राची तारीख सगळं सांगून टाकते.

कुणी म्हणेल, तीन कोटी येन पंधरा दिवसांसाठी उसने आणू, नोंदणी झाली की परत देऊ. एका एजंटानं मला हे चहा पिता पिता सुचवलं होतं. जपानमध्ये याला ‘मिसेगाने’ म्हणतात, दाखवायचा पैसा. तो गुन्हा आहे, आणि तसंही पुढच्या वर्षीच्या ताळेबंदात तो पैसा नसल्याचं दिसतंच.

भांडवल खात्यात पडून राहायला हवं असं मात्र नाही. दुकानाची अनामत, माल, यंत्रं, पगार यांवर ते खर्च करता येतं. धंद्यासाठीच खर्च झालं पाहिजे एवढंच.

नवा काढायचा की चालता घ्यायचा

माझं मत आधीच सांगून टाकतो. नव्या नियमात चालता धंदा, माणसांसकट घ्यावा.

जपानमध्ये सत्तरी ओलांडलेले मालक आणि वारस नसलेले छोटे धंदे गल्लोगल्ली आहेत. टोफूवाला, छापखाना, बेंतोचं म्हणजे जेवणाच्या डब्यांचं दुकान, लहानसं यंत्रशाळेचं शेड. मुलगा टोकियोत कंपनीत नोकरीला, त्याला यातलं काही नको. सरकारनं अशा धंद्यांना गिऱ्हाईक शोधून द्यायला सगळ्या ४७ प्रीफेक्चरमध्ये, म्हणजे प्रांतांत, धंदा-हस्तांतर मदत केंद्रं काढली आहेत आणि तिथला सल्ला मोफत आहे. जपानी बोलणारा माणूस बरोबर न्या, नाहीतर चहा पिऊन परत याल. अशा धंद्यात दोन-तीन जपानी नोकर आधीपासून असतात. म्हणजे माणसाची अट आणि भाषेची अट एका दमात भागते आणि पहिल्या महिन्यापासून विक्री असते. नवं दुकान काढणाऱ्याचं पहिलं वर्ष पाटी लावण्यातच जातं.

पण घ्यायचा कसा, इथे खरी गोम आहे.

समजा, एका म्हाताऱ्याची कंपनी आहे, भागभांडवल १० लाख येन. तुम्ही तिचे सगळे शेअर १ कोटी २० लाख येनला घेतलेत. हे पैसे म्हाताऱ्याच्या खिशात गेले. कंपनीचं भागभांडवल होतं तेच, १० लाख. व्हिसासाठी तुम्हाला वरून आणखी २ कोटी ९० लाख येन कंपनीत ओतून भांडवलवाढ नोंदवावी लागेल. ‘आम्ही तीन कोटींना कंपनी घेतली, म्हणजे तीन कोटी गुंतवले’ असं समजून बसलेली माणसं मी बघितली आहेत. शिवाय शेअर घेतले की कंपनीची सगळी देणीही तुमच्या गळ्यात. न दिलेला ओव्हरटाइम, थकलेला सामाजिक विमा, जुन्या नोकरांना कबूल केलेले निवृत्तीचे पैसे. वहीत नसलेलं देणं शोधायला झेइरिशीला दोन महिने द्या. बँकेच्या कर्जाला म्हाताऱ्याचा वैयक्तिक जामीन असेल तर तो कुणाच्या नावावर जाणार हेही आधी ठरवा.

दुसरा मार्ग असा. आधी स्वतःची कंपनी तीन कोटी येन भांडवलाची काढायची आणि त्या कंपनीनं म्हाताऱ्याचा धंदा विकत घ्यायचा: दुकान, यंत्रं, गिऱ्हाइकं, माणसं. शेअर नाही घ्यायचे. याला ‘जिग्यो-जोतो’ म्हणतात. यात एकच पैसा दोन कामं करतो, भांडवल म्हणूनही दिसतो आणि धंदाही विकत घेतो. भारताच्या बाजूनंही हे सोयीचं आहे. कारण भारतात राहणाऱ्या व्यक्तीच्या ताब्यातल्या परदेशी कंपनीला पोटकंपनी असलेली आपल्या नियमांत चालत नाही. तुमच्या जपानी कंपनीनं दुसऱ्या कंपनीचे शेअर घेऊन ती पोटात घेतली की तुम्ही फेमाच्या, म्हणजे आपल्या परकीय चलन कायद्याच्या, कचाट्यात. धंदा घेतला तर तो प्रश्नच येत नाही.

या मार्गात तीन ठिकाणी सांभाळा. नोकर आपोआप येत नाहीत, प्रत्येकाची संमती आणि नवा करार लागतो. भाडेकरार घरमालकाच्या मर्जीवर. आणि दुकानाचं जुनं नाव तसंच चालवलंत तर जुनी देणीही अंगावर येऊ शकतात, तेव्हा वकिलाकडून तशी सूचना नोंदवून घ्या. खाद्यधंद्याचा परवाना पूर्वी नव्यानं काढावा लागायचा. डिसेंबर २०२३ पासून धंदा हस्तांतर झाल्यावर होकेनजोला, म्हणजे आरोग्य केंद्राला, कळवून तो पुढे चालवता येतो.

म्हाताऱ्याला सहा महिने सल्लागार म्हणून पगारावर ठेवून घ्या. माल देणारे त्याच्या शब्दावर उधार देतात. तुमच्या शब्दावर पहिल्या दिवशी कुणी देणार नाही.

तुमचं काम सॉफ्टवेअरचं असेल तर एक वेगळी पायरी आहे. जपानबाहेर राहणाऱ्या परदेशी माणसानं सॉफ्टवेअर किंवा आयटी सेवेच्या कंपनीत शेअर घ्यायचे असतील, अगदी स्वतःच नवी कंपनी काढत असला तरी, बँक ऑफ जपानमार्फत आधी सूचना द्यावी लागते आणि मंजुरीपर्यंत थांबावं लागतं. पुण्याच्या निम्म्या पोरांना हे लागू पडतं आणि निम्म्यांना ठाऊक नसतं.

कंपनीची नोंदणी

काबुशिकी-गाइशा म्हणजे आपल्यासारखी लिमिटेड कंपनी, गोदो-गाइशा त्याहून साधी. पूर्वी लोक स्वस्तात होते म्हणून गोदो काढायचे, कारण नोंदणी कर ६० हजार येन आणि काबुशिकीला दीड लाख. हे किमान आकडे आहेत. खरा दर भांडवलाच्या ०.७ टक्के. तीन कोटींवर दोन्हीकडे २ लाख १० हजारच होतात, मग काबुशिकीच काढा. घरमालक आणि बँक दोघंही तिला जास्त मानतात.

भांडवल जमा करताना पासबुकातली ओळ महत्त्वाची. खात्यात नुसता आकडा दिसून उपयोग नाही, पैसे पाठवणाऱ्याचं नाव दिसलं पाहिजे, म्हणून रोख न भरता तुमच्या नावानं हस्तांतरण करा. पासबुकाचं कव्हर, पहिलं पान आणि ती ओळ असलेलं पान यांच्या छायाप्रती होमुक्योकुत, म्हणजे नोंदणी कार्यालयात, लागतात. ती ओळ म्हणजे तारीख, काताकाना लिपीत ठेचून बसवलेलं तुमचं नाव आणि आकडा, बस. माझं नाव त्या चौकटीत बसत नव्हतं, शेवटची दोन अक्षरं कापली गेली होती. पासपोर्टवरच्या नावाशी ते जुळवणारं एक पत्र शिहोशोशीनं, म्हणजे नोंदणीच्या कारकुनी वकिलानं, जोडून दिलं.

जपानमध्ये खातं नसेल तर? संचालक सगळेच परदेशात राहणारे असतील तर काही अटींवर जपानमधल्या दुसऱ्या माणसाच्या खात्यात मुखत्यारपत्रासह भांडवल घेता येतं. तो माणूस किती विश्वासाचा आहे ते तुम्ही ठरवा. पावणेदोन कोटी रुपयांपुढे चुलतभाऊही परका होतो. स्टेट बँकेची शाखा टोकियोत आहे, तिथे आधी चौकशी करा. जपानी माणूस जोडतो त्या नोंदलेल्या शिक्क्याच्या दाखल्याऐवजी भारतात नोटरीसमोर केलेलं सहीचं प्रतिज्ञापत्र, जपानी भाषांतरासह चालतं.

जागा

ऑफिस घरात नको. नव्या नियमात घर आणि ऑफिस एकच असणं तत्त्वतः मान्य नाही आणि नुसता पत्ता भाड्यानं देणारी व्हर्च्युअल ऑफिसं आधीपासूनच चालत नव्हती. भाडेकरार कंपनीच्या नावावर आणि ‘व्यवसायासाठी’ असं लिहिलेला हवा. अर्जाला फोटो लागतात: इमारत बाहेरून, दारावरची कंपनीची पाटी, टपालपेटीवरचं नाव, आत टेबल, फोन, कपाट. पाटी कागदावर छापून चिकटवू नका. चार-पाच हजार येनात अॅक्रिलिकची होते.

दुकानाच्या जागेला अनामत सहा ते दहा महिन्यांच्या भाड्याएवढी मागतात. वरून ‘रेइकिन’, म्हणजे आपल्या पागडीची धाकटी बहीण. शिवाय जामीन राहणाऱ्या कंपनीची फी.

‘इनुकी’ म्हणजे आधीच्या दुकानाचं सामान-सुमान तसंच ठेवून दिलेली जागा. स्वस्त पडते, पण शटर उघडल्यावर शेगडी आणि फ्रीज बघून हरखू नका, आधी हात धुवायचा नळ बघा. जून २०२१ पासून खाद्यधंद्याच्या नियमात हात धुतल्यावर पुन्हा हातानं चावी फिरवायचा नळ चालत नाही. दांडीचा किंवा सेन्सरचा लागतो. मग सिंकखालचं चरबी अडवायचं टाकं उघडायला लावा. झाकण निघताना गंजाचा आवाज आला आणि वर पांढरट थर बोटभर जाड दिसला, तर मागच्या मालकानं नळीही साफ केलेली नाही हे समजा. आणि करारात बघा की जागा सोडताना ती उघड्या सिमेंटपर्यंत मोकळी करून द्यायची जबाबदारी कुणाची. आधीच्या माणसानं बसवलेलं सगळं उपटायचा खर्च बहुतेक वेळा नव्या भाडेकरूच्या माथी येतो. तो आत्ताच किमतीतून वजा करून घ्या.

माणसाचा खर्च

टोकियोत किमान वेतन ताशी १,२२६ येन आहे, ऑक्टोबर २०२५ पासून. महिन्याचे १७३ तास धरले तर २ लाख १२ हजार. मालकाचा विम्याचा वाटा धरून अडीच लाखांच्या जवळ. म्हणजे वर्षाला तीस लाख येन एका माणसाला, आणि हे किमान. एन-२ असलेला, हिशेब ठेवणारा, ग्राहकाशी नीट बोलणारा माणूस या पगारात टिकत नाही. त्याहून तीस-चाळीस हजार जास्त धरा. एकच माणूस ठेवलात आणि त्यानं नूतनीकरणाच्या महिन्यात नोकरी सोडली तर अटच मोडते. परवडत असेल तर दोन ठेवा.

आपल्याकडून आचारी आणायचा असेल तर त्याचा व्हिसा वेगळा, त्याला दहा वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि तो वरच्या एका माणसाच्या अटीत मोजला जात नाही.

अर्ज

अर्जाची कागदपत्रं पैसे घेऊन तयार करायचा अधिकार जपानमध्ये ग्योसेइशोशीला, म्हणजे सरकारी कागदपत्रं करणाऱ्या परवानाधारकाला, किंवा वकिलाला आहे. पुण्यातला एजंट ओळख करून देईल, पण सही त्याची चालत नाही. ग्योसेइशोशी निवडताना एकच प्रश्न विचारा: ऑक्टोबर २०२५ नंतर तुम्ही किती अर्ज केलेत आणि त्यांचं काय झालं? जो गप्प बसतो त्याला नमस्कार करा.

आधी जपानमध्ये पात्रता प्रमाणपत्र निघतं. ते तीन महिने चालतं. त्यावर भारतातल्या जपानी वकिलातीकडून व्हिसा आणि विमानतळावर निवासकार्ड. राहायला लागल्यापासून चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा. बायको-मुलांना आश्रित व्हिसा मिळतो, त्यावर परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं.

एवढे पैसे हाताशी नसतील आणि कल्पना नव्या तंत्रज्ञानाची असेल तर ‘स्टार्टअप व्हिसा’ बघा. शहर किंवा प्रीफेक्चरनं आराखडा मान्य केला की तयारीसाठी दोन वर्षांपर्यंत राहता येतं आणि तो काळ तीन वर्षांच्या अनुभवातही धरतात. फुकुओकानं हे सर्वांत आधी, २०१५ मध्ये सुरू केलं. करी हाउस काढणाऱ्यासाठी हा मार्ग नाही, हे मात्र आधीच सांगतो.

दुसरा व्हिसा

आता वर्ष संपत आलंय असं धरा. अधिकारी काय बघणार?

तुम्ही स्वतः धंदा चालवता का. सगळं काम बाहेरच्या कंपनीला ठेक्यानं देऊन तुम्ही सांगलीत बसला असाल, किंवा सबळ कारणाशिवाय लांब मुदतीसाठी जपानबाहेर असाल, तर नूतनीकरण अवघड. गणपतीला आलात, दिवाळीला आलात, लग्नसराईत राहिलात, तर पासपोर्टवरचे शिक्के मोजले जातात.

तुमचा पगार. संचालकाचा पगार आर्थिक वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत ठरवायचा आणि दर महिन्याला तेवढाच घ्यायचा, नाहीतर तो खर्च म्हणून वजा मिळत नाही. नफा दिसावा म्हणून पगार शून्य ठेवू नका. मग तुम्ही जगता कशावर, हा पुढचा प्रश्न तयार असतो.

विमा आणि कर. कंपनीत एकटा संचालक असला तरी आरोग्य विमा आणि पेन्शन लागू होतं. उशिरा भरलेले हप्तेही नोंदीत दिसतात, तेव्हा बँकेतून आपोआप कापले जातील अशी व्यवस्था करा. भांडवल एक कोटी येन किंवा जास्त असेल तर पहिल्याच वर्षापासून विक्रीकर लागतो, १० टक्के, घरी न्यायच्या खाद्यपदार्थांवर ८. एक कोटीच्या वर भांडवल असलेल्या छोट्या कंपनीला, तोटा असो की नफा, स्थानिक कर वर्षाला १ लाख ८० हजार येन द्यावाच लागतो. पूर्वीच्या ५० लाखवाल्यांना तो ७० हजार होता.

तोटा. पहिल्या वर्षी तोटा आला म्हणून कुणी हाकलत नाही. सलग दोन वर्षं ढोबळ नफाही नसेल तर मात्र धंदा टिकणारा मानत नाहीत. देणी मालमत्तेच्या वर गेली तर सुधारणेचा आराखडा तज्ज्ञाकडून लिहून द्यावा लागतो. म्हणून पहिल्या वर्षी सजावटीवर कमी आणि फिरत्या मालावर जास्त घाला. माझ्या दुकानात हळद, तूरडाळ आणि कांदा-लसूण मसाला या तीन वस्तू गल्ला चालवतात. काउंटरवरच्या थाळीनं नाव झालं, पैसे मात्र तिच्यात फार नाहीत.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून घेतात. त्याच्या दोन महिने आधी झेइरिशीकडून ताळेबंदाचा कच्चा खर्डा मागवा. त्यात काही खटकत असेल, म्हणजे तुम्ही कंपनीकडून उचललेली रक्कम, न फिरणारा माल, थकलेला हप्ता, तर वर्ष बंद होण्याआधी ते दुरुस्त करायला वेळ मिळतो. आणि त्याच सुमाराला सांगलीच्या सी.ए.ला फोन करून भारतातला वार्षिक अहवाल ३१ डिसेंबरच्या आत जातोय ना, हे विचारून घ्या. त्यालाही जपानी ताळेबंदाचं भाषांतर लागतं.